आम्ही बोट घेतो

सरकारी नोकरीत पस्तीस वर्षे घालविलेल्या मनुष्यास निवड करण्याची सवय राहत नाही. आम्ही कोणत्या गावी राहावे हे बदलीच्या हुकमाने ठरविले, कोणत्या घरात राहावे हे क्वार्टरांच्या प्रतीक्षा-यादीने, आणि कोणत्या खुर्चीवर बसावे हे सर्वांत कमी दराच्या निविदेने. गुवाहाटीस असताना आमच्या वाट्यास आलेल्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. त्याखाली जुन्या परिपत्रकांची घडी सारून आम्ही तीन वर्षे राज्यकारभार केला. परिणामी, "ह्यांतले तुम्हांला काय आवडते?" असे कोणी विचारले, की आमच्या तोंडून नकळत "नियम काय आहे?" असा प्रतिप्रश्न बाहेर पडतो. अशा मनुष्यावर सेवानिवृत्तीनंतर दोन बोटींतून एक निवडण्याचा प्रसंग यावा, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची.

बोटीचे प्रकरण मुळात घरातून उद्भवले. आमची शेवटची बदली कोचीस झाली आणि तेथेच आम्ही निवृत्त झालो. 'आता आपल्या मुलखात परत' हे वाक्य परप्रांती नोकरी केलेल्या प्रत्येकाने आयुष्यभर घोकलेले असते. आम्हीही घोकले होते. पण पुण्यातील सदनिका पाहून आलो, तिच्या गॅलरीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे तेवढे दिसतात हे ध्यानात आले, आणि एर्नाकुळमच्या दक्षिणेस पनंगाड येथे वेंबनाडच्या पाण्यावर एक जुने घर मिळत आहे असे कळताच आमचा निश्चय डळमळला. घराच्या मागल्या दारी जांभ्या दगडाच्या सात पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. मल्याळी लोक अशा जागेस 'कडवु' म्हणतात. आमच्या मातोश्री तिला 'पाखाडी' म्हणतात आणि तिच्यावरून कधीही खाली उतरत नाहीत. त्याचे कारण पुढे येईल.

दाराशी पाणी आणि बोट नाही, ही स्थिती त्या वस्तीत जरा लाजिरवाणीच आहे. प्रत्येक घरी निदान एक लहानशी होडी, म्हणजे वळ्ळम, बांधलेली असते. आमचे चिरंजीव बंगळूरला नोकरीस असून महिन्यातून एकदोनदा पत्नी व कन्येसह येतात. २०२४ च्या दिवाळीत आले ते दोन बोटींची माहिती घेऊनच. दोन्ही फायबरच्या, दोन्ही वापरलेल्या, दोन्ही अरूरजवळच्या एका कारखान्यात दुरुस्तीसाठी आलेल्या व विकावयाच्या. किमतीतही फारसे अंतर नव्हते. एरवी आम्ही किमतीचा आधार घेऊन सुटलो असतो. तोही मार्ग खुंटला.

पहिली बोट २६ फुटी. रुंदी ९ फूट, तळ बराचसा सपाट, पोटात ४० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन, वर छप्पर, दोन्ही अंगांस बाके, मागे चहापुरती शेगडीची जागा, आणि छपरावर जावयास एक लोखंडी जिना. ही पूर्वी कोणा विश्रामगृहाकडे सूर्यास्त दाखविण्याच्या कामावर होती. दुसरी १९ फुटी. नाक उंच, तळ इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा खोल कापलेला, शेपटीस ११५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन टांगलेले, आणि मोटारीतल्यासारखी सहा आसने. पहिलीकडे पाहिले की सतरंजी घालून आडवे व्हावेसे वाटे. दुसरीकडे पाहिले की नकळत टोपी सांभाळावीशी वाटे.

आम्ही संवयीप्रमाणे तुलनात्मक तक्ता केला. चिरंजीव हसले, परंतु तक्त्याने पुष्कळ ज्ञान झाले हे आम्ही येथे नमूद करतो. जड बोट पाणी दूर सारून चालते, आणि स्वतःच उठविलेल्या लाटेला मागे टाकणे तिला जमत नाही. म्हणून तिच्या वेगाला लांबीचे बंधन असते: पाण्यातल्या लांबीच्या फुटांचे वर्गमूळ काढून त्यास १.३४ ने गुणावे, की साधारण नॉट मिळतात. २५ फुटांस सुमारे पावणेसात नॉट, म्हणजे तासाला बारा-साडेबारा किलोमीटर. ह्यापुढे इंजिन कितीही ओरडले तरी बोट फक्त डिझेल पिते. ज्येष्ठता-यादीप्रमाणे चालणाऱ्या खात्याचे वर्णन वाचीत आहोत असे आम्हांस वाटले. उलट हलकी, वेगवान बोट पाणी सारीत बसत नाही. जोर मिळाला की ती पाण्यावर चढते आणि वरच्यावर घसरत जाते. ३५ नॉट, म्हणजे तासाला सुमारे ६५ किलोमीटर, तिला सहज साधतात. तिचा खोल तळ लाट चिरीत जातो, म्हणून खवळलेल्या पाण्यातही ती टिकते. अमेरिकेत रे हंट नावाच्या गृहस्थाने हा तळ योजला आणि १९६० साली मायामी ते नासाउ ह्या शर्यतीत तशा 'मोप्पी' नावाच्या बोटीने पहिला क्रमांक मिळविला, तेव्हापासून त्याची ख्याती झाली. खर्चाचे म्हणाल, तर जड बोट बेताने चालविल्यास तासाला पाच-सहा लिटर डिझेल, आणि वेगवान बोट पूर्ण जोराने सोडल्यास तासाला ४० लिटरांहून अधिक पेट्रोल. एका बोटीने आलप्पुळा गाठावयास पाच तास, दुसरीने तासाभराहून कमी. निवृत्त मनुष्यास वेळ स्वस्त आणि पेट्रोल महाग. तेव्हा तक्त्याचा कौल उघड होता. सौभाग्यवतींचे मतही ऐसपैस बोटीकडेच असणार हे आम्ही गृहीत धरले आणि त्यांच्या नावाचा रकाना न विचारताच भरून टाकला.

हे गृहीत धरणे आमच्या अंगाशी आले. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वेगवान बोटीची चाचणी होती. कारखान्याचा मेस्तिरी (हा आपला मिस्त्रीच, फक्त मल्याळी उच्चाराचा), चिरंजीव, सौभाग्यवती आणि आम्ही असे चौघे निघालो. मोकळे पाणी लागताच मेस्तिरीने सुकाणू चिरंजीवांच्या हाती दिले. बोटीने एकदा नाक वर केले, मग आडवी झाली, आणि किनाऱ्यावरची माडांची रांग मागे पळू लागली. आम्ही कठडा घट्ट धरून सौभाग्यवतींना धीर देण्यासाठी वळलो, तो त्या हसत होत्या. अंबाडा सुटला होता, चष्मा त्यांनी मुठीत धरला होता, आणि त्या अगदी मोठ्याने हसत होत्या. त्यांचे असे हसणे आम्ही किती वर्षांत ऐकले नव्हते ह्याचा हिशेब करू लागलो आणि तो बदल्यांच्या गावांवरून करावा लागला: कोची नाही, चेन्नई नाही, भुवनेश्वर नाही, गुवाहाटीच्याही आधीचे. "थांबवू नकोस रे!" असे त्या चिरंजीवांस ओरडून सांगत होत्या.

चिरंजीवांनी थांबविली ती सौजन्यापोटी. पुढे उजव्या हातास एक वृद्ध गृहस्थ लहानशा वळ्ळममध्ये उभे राहून लांब काठीच्या जाळ्याने तळातल्या तिसऱ्या ओढीत होते. वेंबनाडच्या काळ्या तिसऱ्यांवर कित्येक कुटुंबे जगतात. मांस बाजारात जाते आणि शिंपल्यांचा चुना होतो. होडी काठोकाठ भरलेली होती, पाण्याबाहेर चार बोटे फळी उरली असेल. एवढ्या वेगाने त्यांच्याजवळून जाणे बरे नव्हे, म्हणून चिरंजीवांनी त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर एकदम जोर कमी केला. आणि तेच चुकले. पाण्यावर चढलेली बोट पूर्ण वेगात असते तेव्हा तिची लाट त्या मानाने लहान असते. ती खाली उतरू लागली, की शेपूट पाण्यात रुतते आणि मागची लाट उंच होते. ती लाट आमच्या बोटीखालून निघून पुढे गेली. वळ्ळम एकदा वर गेली, आडवी झाली, आणि दिवसभराचा माल चिखलात परत गेला. वृद्ध गृहस्थ छातीएवढ्या पाण्यात उभे होते. काठी त्यांनी सोडली नव्हती.

आम्ही परत फिरलो, होडी सरळ करून पाणी उपसू लागलो. मेस्तिरीने बरेच काही दिलगिरीचे सांगितले. आम्ही दोन हजार रुपये पुढे केले. त्यांनी आठशे मोजून घेतले, बाकीचे परत केले आणि चिरंजीवांकडे पाहून एकच वाक्य बोलले. आमचे मल्याळम कार्यालयीन कामापुरते; तरी तेवढे समजले. "आलास तसा गेला असतास तर बरे झाले असते."

परतताना बोट अगदी हळू आणली. कोणी बोलत नव्हते. मेस्तिरीने तेवढे सांगितले, की लहान होडी दिसली तर फार दुरूनच वेग पुरता उतरवावा, नाहीतर फार दुरूनच निघून जावे; मधले अर्धवट सौजन्य सर्वांत वाईट.

घरी मातोश्री पायऱ्यांच्या वर, नेहमीच्या जागी, खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांस झाला प्रकार सांगणे प्राप्त होते. त्यांनी विचारले, "पोहता येत होतं का त्याला?" आम्ही म्हणालो, "आई, छातीएवढंच पाणी होतं." त्या म्हणाल्या, "तेवढं पुरतं."

आमच्या मातोश्रींचा जन्म १९४१ चा, माहेर रेवसजवळचे. त्यांचे वडील परळच्या एका गिरणीत होते. १७ जुलै १९४७ रोजी आषाढातली अवस होती. दिव्यांच्या पूजेस घरी जावे म्हणून ते त्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोटीने रेवसला निघाले. काश्याच्या खडकाजवळ, वादळी पाण्यात, बोट एका अंगास कलली. घाबरलेली माणसे जागा मिळेल तिकडे धावली असे वाचलेले लोक पुढे सांगत. सहाशेंहून अधिक माणसे गेली. मातोश्री तेव्हा सहा वर्षांच्या. आजीने समया आणि निरांजने घासून पाटावर मांडून ठेवली होती. ती त्या संध्याकाळी लावलीच नाहीत, एवढे त्यांना आठवते. वडिलांचा चेहरा आठवत नाही. त्यानंतर मातोश्रींनी पाण्यावर पाऊल ठेवले नाही. मुंबईहून माहेरी जाताना लाँचने तासाभराचा रस्ता असे. त्या पनवेल, पेण, वडखळ असा अर्ध्या दिवसाचा वळसा एस. टी.ने घालीत. कोचीतही तेच. फोर्ट कोचीस जावयाचे तर तोप्पुंपडीच्या पुलावरून. वैपीनला जावयाचे तर गोश्री पुलांवरून. २०२३ च्या एप्रिलात कोचीची जल-मेट्रो सुरू झाली, तिच्या दोन-तळी वातानुकूलित नौकांतून सारे शहर हौसेने फिरून आले, पण मातोश्री धक्क्यावरच्या बाकावर पर्स सांभाळीत बसल्या आणि आम्ही जाऊन येईपर्यंत उठल्या नाहीत.

खरे सांगावयाचे, तर बोट घेण्यामागे आमच्या मनात हेच होते. चिरंजीवांस वेग हवा होता, सौभाग्यवतींस, नव्याने कळले त्याप्रमाणे, तोच हवा होता. आम्हांस मात्र आई एकदा तरी पाण्यावर यावी असे वाटत होते. ऐसपैस बोट तिच्यासाठी. बाक रुंद, चाल संथ, वर सावली. तक्त्यात हा रकाना नव्हता.

त्याच डिसेंबरच्या १८ तारखेस दूरदर्शनवर बातमी आली. गेटवेहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' ह्या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान बोट ताबा सुटून आदळली. प्रवासी बोटीवर शंभरांहून अधिक माणसे होती. मातोश्रींनी ती चित्रे शेवटपर्यंत पाहिली. आम्ही दुसऱ्या दिवशी कारखान्यास 'तूर्त स्थगित' असे कळविले. आमच्या शेऱ्यांपैकी हा शेरा कधीच कोणी उठवीत नाही.

तो उठविला मातोश्रींनीच. मार्चमध्ये एके सायंकाळी त्यांनी आपण होऊन विचारले, "त्या दोन बोटींचं काय झालं?" आम्ही चित्रे दाखविली. त्यांनी भिंग लावून दोन्ही पाहिल्या आणि आम्हांस चकित करून वेगवान बोटीवर बोट ठेवले. "ही बरी." का, म्हणून विचारले. "हिच्यात सहाच खुर्च्या. सातवा येतो म्हणाला तर बसवणार कुठे? ह्या दुसरीत तुम्ही साऱ्या गावाला बोलवाल."

ह्या वाक्याने आम्ही निरुत्तर झालो, कारण ते आम्हां परप्रांती मराठी मंडळींचे तंतोतंत वर्णन आहे. रम्य स्थळी बदली झाली, की आपली नातेवाईक-संख्या एकाएकी वाढते. केरळात आम्ही आल्यापासून मावसभावाच्या व्याह्यांपर्यंत सर्वांनी आमच्याकडे मुक्काम केला आहे, आणि दरवेळी सौभाग्यवतींच्या तोंडचे शब्द तेच: "या हो, होईल जागा." स्वयंपाकघरात हे वाक्य म्हणजे पुण्यकर्म, पाण्यावर ते प्राणघातक आहे. आम्ही मग जुन्या नोंदी काढून बसलो. कुमरकम, २००२: मुहम्म्याहून आलेली बोट उलटली, २९ माणसे गेली. तेक्कडी, २००९: दुमजली बोट, ४५ माणसे, जनावरे पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूस गेले असे तेव्हा सांगण्यात आले. तानूर, २०२३: २२ माणसे. कुमरकमला आणि तानूरला क्षमतेहून अधिक माणसे भरली होती. फार मागे जावयाचे, तर मल्याळम भाषेचे महाकवी कुमारन् आशान हे १९२४ च्या जानेवारीत पल्लन येथे उत्सवाहून परतणाऱ्या गर्दीने भरलेली बोट बुडून गेले. त्या बोटीचे नाव 'रिडीमर', म्हणजे तारणहार, असे होते. ह्यांतली एकही बोट वेगाने बुडाली नाही. आम्ही आमच्या तक्त्यात 'जागा' ह्या रकान्याखाली ऐसपैस बोटीस पैकीच्या पैकी गुण दिले होते.

दुसऱ्या दिवशी अरूरला जाऊन ती २६ फुटी बोट आम्ही नव्या डोळ्यांनी पाहिली. दाराशी '१२ प्रवासी' असे रंगविले होते. ऊन तिरपे पडले होते, म्हणून त्या रंगाखालचा जुना आकडाही दिसला. तो १८ होता. बोट तीच, लांबी तीच, इंजिन तेच. मेस्तिरीस विचारले; तो जिन्याकडे बोट दाखवून म्हणाला, की वरची सहा माणसे छपरावर. आणि मग, काही विशेष सांगत आहोत असा आव न आणता, त्याने वल्ह्याचा दांडा उभा धरून दाखविला: वजन खाली असले, तर कललेली बोट पुन्हा उभी राहते, वर चढले, तर कलत कलत जाते. खाली बसलेले बारा आणि वर बसलेले सहा ही बेरीज अठरा होत नाही.

आम्ही घरी हे सांगितले. मातोश्री म्हणाल्या, "मग जिना काढून टाक."

इतका सोपा शेरा आमच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत कोणा वरिष्ठाने लिहिल्याचे आम्हांस आठवत नाही. वेगवान बोट त्यांच्या कौलानंतरही घेणे शक्य नव्हते. लाटेवर ती आपटते तेव्हा तो दणका चौऱ्यांशी वर्षांच्या कण्याने सोसावयाचा, ह्यास आमचे डॉक्टर तयार नव्हते. शिवाय चिरंजीवांचेच मन तिच्यावरून उतरले होते. त्यांनी तसे बोलून दाखविले नाही; परंतु त्या रविवारनंतर त्या वृद्ध गृहस्थांकडून तिसऱ्या घेण्यासाठी ते दर खेपेस स्वतः चालत जातात, हे आम्ही पाहतो. सौभाग्यवतींचे मात्र आम्हांस वाईट वाटते. त्यांनी तक्रार केली नाही. "तुमच्या तक्त्यात माझं मत आधीच लिहिलेलं होतं ना?" एवढेच त्या म्हणाल्या. ह्याचे उत्तर आमच्यापाशी नाही. मेस्तिरीच्या ओळखीने वर्षातून एखादा दिवस तसली बोट भाड्याने मिळते असे कळले आहे. त्याची व्यवस्था आम्ही करीत आहोत आणि ह्या खेपेस रकाना कोरा ठेवला आहे.

तर बोट आली. जिना काढला, छपरावरचे कठडे काढले. बाराचा आकडा पुसून आम्ही आठ लिहविला. सौभाग्यवतींनी दोनदा वाचून पाहिला आणि मान्य केला. नोंदणी, तपासणी, विमा हे सोपस्कार पार पडले. कागदपत्रांच्या बाबतीत आमच्यासारखा अर्जदार त्या कार्यालयाने पाहिला नसेल. त्यांनी मागितलेली प्रत्येक प्रत आम्ही तीन-तीन दिली. नातीने आठही तरंगती जाकिटे बाकावर ओळीने मांडली आणि स्वतःचे, सर्वांत लहान, पहिल्या दिवसापासून अंगातच ठेवले. ती सहा वर्षांची आहे.

आता दर रविवारी सायंकाळी मातोश्री सात पायऱ्या उतरतात. पहिल्या रविवारी पाचव्या पायरीवर थांबून परत फिरल्या. दुसऱ्या रविवारी बोटीत आल्या, नातीच्या शेजारी बसल्या, जाकिटे मोजली, माणसे मोजली, पुन्हा जाकिटे मोजली. बोट पुढून आणि मागून अशी दोन्हीकडे कडव्याच्या खांबांस बांधलेली होती. इंजिन लावू नको, असे त्यांनी सांगितले. आम्ही लावले नाही. अर्धा तास आम्ही सारे तसेच बसलो. शेगडीवर चहा झाला. दूरवरून जाणाऱ्या कुठल्याशा नौकेची लाट आली आणि बोट किंचित उचलली गेली, तेव्हा मातोश्रींनी नातीचा हात धरला आणि लाट गेल्यावर सोडला.

असे चार रविवार झाले आहेत. पुढच्या रविवारी मागचा दोर सोडावयास हरकत नाही, असे त्यांनी काल सांगितले. पुढचा राहू द्यावा.